मक्यावरचा करपा: पाऊस नको, पानावरची ओल मोजा

पोळ्याच्या आसपास वावरात गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "पानी त काई जास्त नाई पडलं, मंग मका कायले करपला?"

प्रश्नातच उत्तर आहे. तासाभरात दोन इंच धो धो कोसळून लगेच ऊन पडलं, तर पान दुपारपर्यंत कोरडं होतं. दोन दिवस झड लागते तेव्हा पाऊस मोजला तर नावालाच भरतो, पण पान काही सुकत नाही. करपा हा बुरशीचा रोग. त्याच्या बीजाणूला रुजून पानात शिरायला सलग सहा तासांच्या वर ओल लागते. ती जितकी लांबेल तितका करपा जोरात. आणि ही ओल पावसाचीच हवी असं नाही, दवाचीही चालते.

ओल मोजायला यंत्र लागत नाही. सकाळी दहाला दोन ओळींमधून वावराच्या मध्यापर्यंत चालून या. धुऱ्यावरून बघू नका, तिथं वारा लागतो. बाह्या चिंब झाल्या, तर ती पानं काल संध्याकाळपासून ओली आहेत असं धरा. अशी लागोपाठ दोन-तीन दिवसांची झड झाली की कॅलेंडरवर खूण करा. लागण झाल्यावर डाग दिसायला साधारण आठवडा ते बारा दिवस जातात. म्हणून झडीनंतर सातव्या-आठव्या दिवशी खालची पानं उलटून बघा.

डाग कोणता हेही बघा. सध्याच्या उबदार दमट हवेत, २० ते ३२ अंशांत, मेडिस करपा येतो. त्याचे डाग लहान, शिरांच्या मधोमध, कडा तांबूस. हवा थंडावली, १८ ते २७ अंशांच्या घरात आली, की टर्सिकम करपा. त्याचे डाग विडीसारखे लांबट, आधी राखट हिरवे, मग वाळल्या कडब्याच्या रंगाचे. मोठा डाग वीतभरसुद्धा जातो. शंका असेल तर डागाचं पान ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर पिशवीत ठेवा. सकाळी डागावर काळपट बुरा दिसला तर बुरशी. नव्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे असतील तर ती बहुधा जस्ताची कमतरता. तिथं बुरशीनाशक म्हणजे पैसे मातीत.

करप्याचा तिसरा प्रकार जमिनीकडून चढतो. खालच्या पानांच्या कोषावर, म्हणजे पानाच्या धांड्याला वेढणाऱ्या भागावर, सापाच्या कातीसारखे आडवे पट्टे दिसतात. दाट पेरलेल्या, पाणी साचणाऱ्या वावरात हा जास्त. खालची दोन-तीन पानं कोषासकट सोलून वावराबाहेर काढा आणि साचलेल्या पाण्याला वाट करून द्या.

फवारणीचा निर्णय तुऱ्यावर ठेवा. दाणा भरतो तो मुख्यतः कणसाजवळच्या आणि वरच्या पानांवर. तुरा यायच्या सुमारास डाग कणसाच्या खालच्या तिसऱ्या पानापर्यंत चढले असतील आणि आभाळ उघडत नसेल, तर थांबू नका. डाग तुरळक असतील तर मॅन्कोझेब ७५ टक्के पावडर, लिटरला अडीच ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला साधारण ३७ ग्रॅम. मात्र ते पानावर बाहेरून राखण करतं, आत शिरलेल्या बुरशीला काही करत नाही. डाग वाढत असतील तर ॲझॉक्सिस्ट्रोबिन १८.२ अधिक डायफेनोकोनॅझोल ११.४ टक्के, लिटरला एक मिली. दव सुकल्यावर मारा. लेबलवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत हा चारा जनावरांना घालू नका. दाणे कडक व्हायला लागल्यावर फवारा मारून फायदा नाही, दुकानदार काहीही म्हणो. 

मक्यावर मका घेणाऱ्यांसाठी, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा-मलकापूरकडच्या, एक गोष्ट. मेडिस आणि टर्सिकम या दोन्ही करप्यांची बुरशी वाळल्या धांड्यांत आणि पानांत तग धरून राहते. काढणीनंतर धांडे बारीक करून जमिनीत गाडा आणि त्या तुकड्यात या रब्बीला हरभरा घ्या.

रब्बीत मकाच घ्यायचा असेल तर तुषार संचाची वेळ जपा. संध्याकाळी पाच वाजता संच लावला की पान पाचलाच ओलं होतं, वरून पहाटेची धुई, आणि सुकायला नऊ-दहा वाजतात. म्हणजे सोळा-सतरा तास ओल, तीही टर्सिकमच्या आवडत्या थंडाव्यात. तांबेऱ्यालाही हीच हवा मानवते. बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते तो तांबेरा. रात्रीच्या लाइनीला, म्हणजे शेतीला रात्री मिळणाऱ्या विजेला, आपण सगळेच शिव्या देतो, पण इथं ती कामी येते. दव पडल्यावर, अकरा-बाराच्या पुढं संच सुरू करा आणि उजाडायच्या आत बंद करा. पान तेव्हा तसंही ओलंच असतं, ओलीचे तास वाढत नाहीत. दिवसाची लाइन असेल त्या आठवड्यात सकाळी दव सुकायच्या आधी लावा आणि दुपारी लवकर आटपा, म्हणजे उरलेल्या उन्हात पान सुकतं.