मखराची पट्टी आणि एका अक्षराचा घोळ

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मालवणच्या घरी मखराला डब्ल्यूएस२८१२बी एलईडींची पट्टी लावली. रंग भलतेच! खाऱ्या हवेला दोष देत सगळे सोल्डर पुन्हा केले. फरक शून्य.

पट्टीला रंगांचे आदेश देणारा ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) सिग्नल देतो ३.३ व्होल्टचा, ५ व्होल्टवरच्या पट्टीला ‘हाय’ (डिजिटल १) कळायला किमान ३.५ लागतात. घरातला ७४एचसी२४४ बफर (सिग्नल घेऊन ५ व्होल्टचा करून पुढे देणारी चिप) मध्ये बसवला. पण त्यालाही ५ व्होल्टवर ३.५च हवेत, म्हणजे आंधळ्यासोबत आंधळा. त्याच चिपच्या एचसीटी प्रकाराला (नावात एक ‘टी’ जास्त) २ व्होल्ट पुरतात. मुंबईहून येणाऱ्या चुलतभावाकडून ७४एचसीटी२४४ मागवला.

तरी अंधार! १ नंबरची एनेबल पिन मोकळीच सोडली होती (वेंधळेपणा माझाच). ती लो (शून्य व्होल्टजवळ) असेल तरच चिपचे आउटपुट उघडतात. ग्राउंडला जोडली, वापरात नसलेले इनपुटही.

आजी म्हणाली, “आता मखर बरा दिसता.”