जुन्या स्पोर्ट्स कारला अलॉय घेताय? आधी मोजमाप, मग पैसे

मामेभावानं मुंबईहून १९७० ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणली. आर्वीकडच्या आमच्या गावात ती पाहायला लेकरांसोबत म्हातारेही जमले. आठ दिवसांत त्यानं सोळा इंची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, चढवले अन् पांदण रस्त्याच्या पहिल्याच खड्ड्यात एकाची कड चिरली. लोखंडी डिस्क, म्हणजे साधं लोखंडी चाक, वाकली तर पंक्चरवाला ठोकून सरळ करतो. अलॉयला तडा गेला की ते भंगारच. वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण तसल्या चाकावर ताशी शंभरनं जायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून सुरुवात हबपासून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागापासून करा. तारांची चाकं असलेल्या एमजीबीचा हब दातेरी असतो, मधोमध एकच मोठा नट. त्यावर चार नटांचे अलॉय थेट बसतच नाहीत.

चार नटांची गाडी असेल तर पीसीडी मोजा, म्हणजे समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. एमजीबीला ते ११४.३ मिमी भरतं. पाच भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांतलं अंतर मोजून १.७०१ नं गुणा. जुन्या मारुती ८०० चा पीसीडीही ११४.३ च, म्हणून कोणी ‘तेच लावा ना भाऊ’ म्हणेल. ऐकू नका. ते चाक बारा इंची. आत एमजीबीचा डिस्क ब्रेक मावणार नाही.

मग ऑफसेट, म्हणजे चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी सरकलेली आहे ते. रिमच्या आतल्या बाजूला त्याचा ‘ईटी’ आकडा कोरलेला असतो. तो १० नं कमी झाला की चाक १० मिमी बाहेर सरकतं. रुंदी एक इंचानं वाढली तर दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढ. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडीत दोन धिप्पाड माणसं बसवून टायर मडगार्डला घासतो का ते पाहा.

आता खरा मुद्दा, टायरच्या भिंतीचा, म्हणजे रिमच्या कडेपासूनच्या रबराच्या उंचीचा. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा भिंत रुंदीच्या किती टक्के, आणि ‘आर’पुढचा रिम किती इंची. मूळ १६५/८० आर१४ ची भिंत १३२ मिमी. १८५/६५ आर१५ ची सुमारे १२०, आणि टायरची एकूण उंची जवळजवळ तीच, म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. १९५/४५ आर१६ ची मात्र जेमतेम ८८! उखडलेल्या गिट्टीचा मार मग सरळ रिमवर. आपल्याकडे चौदा, फार तर पंधरा इंच. त्यापुढचा शौक नागपुरात करावा.

डिझाइन मोकळं, कमी आऱ्यांचं घ्या. पावसाळ्यात काळी माती रिमच्या आत चिकटून वाळते अन् साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंगवर पैसे घालतात, दुखणं निव्वळ चिखलाचं असतं. पाइपाचं पाणी आतपर्यंत पोचलं पाहिजे.

अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग लावा. नट अलॉयच्या बैठकीला, म्हणजे नट टेकतो त्या जागेच्या आकाराला, जुळणारेच हवेत; लोखंडी डिस्कचे जुने नट बहुधा चालत नाहीत. ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. आर्वीहून वर्ध्याला जाऊन आलं की तेवढे होतातच. चहा होऊ द्या, चाकं निवू द्या, मग पाना काढा.