कामासाठी गाडी चालवणाऱ्यांचं ड्रायव्हिंग मोजायचंय? मग हे आधी वाचा

या विषयावर प्रोजेक्ट घेताय किंवा फ्लीट सेफ्टीमधे (म्हणजे कंपनीच्या गाड्यांच्या सुरक्षिततेच्या कामात) नवीन लागलायत तर पहिलं म्हणजे अपघातांचा आकडा घेऊन बसू नका. एका ड्रायव्हरच्या वाट्याला वर्षात बहुतेक वेळा शून्य येतो, फार तर एक, त्यावरून कोण चांगला कोण वाईट ठरवणं म्हणजे निव्वळ छापा-काटा. म्हणून मग एकतर ड्रायव्हरला विचारायचं नाहीतर गाडीत वेग, ब्रेक नोंदवणारं डिव्हाइस बसवायचं.

विचारायचं तर डीबीक्यू (ड्रायव्हर बिहेवियर क्वेश्चनेअर) वाचाच. जेम्स रीझन आणि मँचेस्टरमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली, मूळची ५० प्रश्नांची प्रश्नावली. त्यातली मेख अशी की चुकणं आणि जाणूनबुजून नियम मोडणं हे वेगळं धरलंय. वायपर लावायला गेलो आणि हेडलाइट लागला हे एक, आणि पुढचा हळू चालवतोय म्हणून त्याच्या मागे चिकटून गाडी रेटली हे दुसरं, दोन्हीवर एकच ट्रेनिंग देऊन काय उपयोग. पण ही सर्वसाधारण ड्रायव्हरसाठी आहे, त्यामुळे कामावरच्या लोकांना थकवा, वेळेचं प्रेशर, चालवता चालवता ऑफिसचे फोन हे वेगळं विचारावंच लागतं.

आणि फॉर्म कोण वाटतंय ते बघा हो! सुपरवायझरने वाटला की सगळे साधुसंत, कुणी कधी स्पीड लिमिट ओलांडलेलीच नसते. नाव नको म्हणावं तर नंतर डिव्हाइसचा डेटा त्याच माणसाला जोडायचा कसा? मी कोड नंबर देते आणि कोड-नावाची यादी कंपनीच्या हाती लागू देत नाही, आणि हे ड्रायव्हरना तोंडावर सांगते.

आता डिव्हाइस. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, तिथून ३ सेकंदात गाडी थांबली तर साधारण ०.३४ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ब्रेकचा जोर त्यात मोजतात). अलर्टची मर्यादा ०.३ ठेवली तर हा 'हार्श ब्रेक' (करकचून मारलेला), ०.४ ठेवली तर काहीच झालं नाही. माणूस तोच, ब्रेक तोच! त्यामुळे व्हेंडरचा तयार स्कोअर घेऊ नका, कच्चा डेटा आणि मर्यादा दोन्ही मागून घ्या. अजून एक, डिव्हाइस गाडी ओळखतं, ड्रायव्हर नाही. शिफ्टमधे एकच गाडी तिघं चालवत असतील तर लॉगइन किंवा ड्युटी रजिस्टर जुळवल्याशिवाय पुढे जाऊच नका (कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्याचं पाप तिसऱ्याच्या माथी मारण्यापेक्षा बरं).

मग किलोमीटर. नुसते इव्हेंट (हार्श ब्रेकसारखे अलर्ट) मोजले की जास्त चालवणारा वाईट ठरतो, म्हणून दर १०० किमीमागे काढा. तरीही गर्दीच्या रस्त्यावर दिवसभर डिलिव्हरी करणारा आणि हायवेवर सरळ जाणारा यांची तुलना होत नाहीच, रस्त्याचा प्रकार आणि दिवसातली वेळ धरून वेगळं बघावं लागतं. मी तर इव्हेंट आधी मॅपवर टाकते, एकाच वळणावर पाचसहा वेगवेगळे ड्रायव्हर करकचून ब्रेक मारत असतील तर तिथे ड्रायव्हरचं काय मोजणार, तिथे रस्ता बघायला जायचं. तसंच शिफ्टच्या शेवटच्या तासातच स्पीड वाढत असेल तर ट्रिपचं शेड्यूल मागवा, दोन स्टॉपमधे दिलेली मिनिटं लिमिट पाळून पुरतात का ते भागाकार करून बघा. नाही पुरली तर तो आकडा रिपोर्टमधे ड्रायव्हरच्या स्कोअरच्या आधी टाका, मॅनेजमेंट तेवढंच पहिलं पान वाचते.