थीम पार्कचा दिवस: आधी औषधाच्या वेळा, मग राइड्स

घरी मुलाची औषधं वेळेवर जातात, त्यात आपल्या शिस्तीइतकाच घराच्या लयीचाही हात असतो. नाश्ता झाला की सकाळची गोळी, जेवण झालं की दुपारची. थीम पार्कमध्ये ही लय मोडते. जेवण लांबतं, बॅग लॉकरमध्ये राहते, आई एका रांगेत आणि बाबा दुसऱ्या. फिट्स, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अतिचंचलता असते), ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) किंवा मधुमेह असलेल्या मुलाला अशा दिवशी खूप सोसावं लागू शकतं. म्हणून आधी औषधांच्या वेळा कागदावर मांडा आणि मधल्या मोकळ्या वेळात राइड्स बसवा.

१. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला

नेहमीच्या तपासणीच्या घाईत हे विषय निघत नाहीत, म्हणून प्रश्न लिहून न्या. डोसला किती उशीर चालेल? डोस चुकलाच तर काय करायचं? औषध घेतल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायचं का? प्रवास लांबचा असून घड्याळं बदलणार असतील, तर वेळा कशा सरकवायच्या? ही उत्तरं प्रत्येक औषधागणिक वेगळी असतात. अंदाजाने दोन डोस एकत्र देणं धोक्याचं आहे.

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपन्यांची नावं जागोजागी बदलतात. परदेशी जाणार असाल तर त्या देशाचे नियम वकिलातीकडून तपासा. एडीएचडीच्या औषधांबाबत ते फार कडक असू शकतात. जपानमध्ये अँफेटामिनची औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

२. ऊन आणि औषध यांचं नातं समजून घ्या

या मुद्द्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. फिट्ससाठी दिली जाणारी टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधं काही मुलांमध्ये घाम कमी करतात. लाळ कमी करण्यासाठीचं ग्लायकोपायरोलेट आणि लघवीच्या त्रासासाठीचं ऑक्सिब्युटिनिन यांचाही तोच परिणाम होतो. घाम आला नाही की अंग थंड होत नाही. मूल लालबुंद होतं, चिडचिडं किंवा सुस्त होतं, आणि बोलता न येणारं मूल हे सांगणार कसं? त्यामुळे ते तक्रार करेल याची वाट पाहू नका. ठरलेल्या अंतराने त्याला सावलीत न्या, पाणी द्या, हाताने कपाळ आणि मान तपासा. उन्हाने तापलेल्या अंगावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. थंड जागा, ओलं कापड आणि वारा हवा. मूल गोंधळलेलं वाटलं, नीट प्रतिसाद देईनासं झालं, तर लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

एडीएचडीसाठीचं मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलांची भूक अनेकदा मरते, तेव्हा सकाळी गोळीआधी किंवा गोळीसोबत पोटभर खाऊ घाला. त्याचा असर उतरतो त्या वेळी काही मुलं फार अस्वस्थ होतात. ती वेळ तुम्हाला ठाऊकच असते. सगळ्यात लांब रांग त्या वेळी नको, शांत कोपरा हवा.

३. औषधं भरा

विमानात औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा. जरुरीचं द्रव औषध १०० मिलीपेक्षा जास्त असलं तरी बहुतेक विमानतळांवर नेता येतं, मात्र तपासणीला ते वेगळं काढून दाखवावं लागतं. औषधं मूळ पाकिटात, नाव दिसेल अशी ठेवा. काही दिवसांचा जादा साठा घ्या आणि तो दुसऱ्या बॅगेत टाका.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते गोठलं तर टाकून द्यावं लागतं, म्हणून बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका. पाण्यात भिजवून वापरायचे खास पाऊच माठासारखे काम करतात आणि दिवसभर पुरतात. अ‍ॅलर्जीसाठीचं अ‍ॅड्रेनालिन इंजेक्शन मात्र फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं. पार्किंगमधल्या गाडीत काहीच ठेवू नका. बाहेर २७ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांतच पारा ३७ च्या आसपास जातो.

४. पार्कला आधीच विचारा

मोठ्या पार्कांत प्रथमोपचार केंद्र असतं. तिथे फ्रीज मिळेल का, सिरिंज आणि मुलाचं खास खाणं आत नेता येईल का, शांत खोली आहे का, हे लेखी विचारा आणि उत्तर मोबाइलवर ठेवा. आत शिरल्यावर पहिली राइड गाठण्याआधी ते केंद्र पाहून या.

५. औषध एकाच माणसाच्या हाती द्या

"तू दिलंस ना?" "मला वाटलं तू दिलंस." गर्दीत हे सहज होतं. मग डोस चुकतो किंवा दोनदा जातो. दिवसभराची जबाबदारी एकाकडे द्या आणि दिल्याबरोबर कागदावर वेळ लिहा. जबाबदारी बदलली तर तो कागदही हातात द्या. गजर कंपनाचा लावा, कारण गोंगाटात आवाज ऐकू येत नाही.

फिट थांबवण्याचं तातडीचं औषध बॅगेत ठेवू नका. जो मुलाजवळ आहे त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये ते असावं. फिट आली की आधी घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ते द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी त्याहून कमी वेळ सांगितला असेल तर तोच पाळा.

६. डोस देताना

चमचा, सिरिंज, ज्यात मिसळून देता तो पदार्थ, सगळं घरचंच न्या. नव्या जागी नवी चव मुलं थुंकून टाकतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नका, त्याने सगळा डोस एकदम अंगात जातो. कीटोजेनिक आहारावरच्या (फिट्स कमी करण्यासाठी दिलेल्या, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी साखर-पिष्टाच्या आहारावरच्या) मुलाला पार्कमध्ये विकत घेतलेलं सर्दीचं सिरप देऊ नका, त्यात बहुधा साखर असते.

काही राइड्सच्या ब्रेकमध्ये जोरदार चुंबक असतात. मुलाला इन्सुलिन पंप, मेंदूतला शंट (जादा पाणी वाहून नेणारी नळी) किंवा व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर (फिट्स कमी करण्यासाठी छातीत बसवलेलं यंत्र) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येत असेल, तर तिकिटाआधी राइडची पाटी वाचा. अचानक असा प्रकाश आलाच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला लावा. नुसते डोळे मिटून पुरत नाही.

७. परतताना

मूल वाटेतच झोपतं आणि रात्रीचा डोस राहतो. शक्य असेल तर तो झोपण्याआधीच द्या. उशीर झाला तर मुलाला नीट जागं करून, सरळ बसवून द्या. झोपेत आडवं असताना सिरप श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग उरलेले डोस मोजा आणि कागदावरच्या नोंदींशी जुळतात का ते पाहा. जुळले नाहीत तर अंदाजाने काही न देता डॉक्टरांना फोन करा.