व्हिममध्ये मराठी: कीबोर्ड न बदलता टायपिंग आणि दुरुस्ती

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, उमराणे, सटाणा. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे भाव रोज फाइलमध्ये भरायचे, कालचे खोडायचे, चुका दुरुस्त करायच्या, अशा कामाला व्हिमइतका चपळ एडिटर शोधून सापडणार नाही. तरी मराठीत लिहिणारे त्याच्यापासून लांब राहतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कॉम्प्युटरचा कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या मांडणीवर, असतो. व्हिममध्ये एस्केप दाबल्यावर अक्षरांच्या कळा कमांड होतात. पण एस्केप दाबून खाली जायला जे दाबावा, तर व्हिमला मिळतो 'र'. वर जायला के दाबावा, तर मिळतो 'क'. कर्सर जागचा हलत नाही.

यावरचा उपाय म्हणजे कॉम्प्युटरचा कीबोर्ड कायम इंग्रजीवर ठेवा आणि मराठी अक्षरं व्हिमलाच काढू द्या. (खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा. 'मोठा' म्हटलं असेल तिथेच शिफ्ट.)

होम फोल्डरमधल्या 'डॉट व्हिम' फोल्डरात 'कीमॅप' नावाचा फोल्डर करा, त्यात 'मराठी डॉट व्हिम' ही फाइल. ही सगळी नावंही इंग्रजी अक्षरांतच. फाइलमध्ये आधी 'लोडकीमॅप' हा एक सलग शब्द. त्याखाली दर ओळीत इंग्रजी कळ, जागा, मराठी अक्षर: के पुढे क, जे पुढे र, एच पुढे प, एल पुढे त, मोठ्या के पुढे ख. जोडाक्षरही चालतं, उजवीकडे एकाहून जास्त अक्षरं देता येतात. फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच सेव्ह करा. मग व्हिमच्या सेटिंग फाइलमध्ये (होम फोल्डरमधली 'डॉट व्हिमआरसी') 'सेट कीमॅप=मराठी' ही ओळ घाला. आता इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टायपिंग चालू असताना, मराठी उमटेल आणि एस्केप दाबताच सगळ्या कळा पुन्हा कमांड होतील. मध्येच इंग्रजी शब्द लिहायचा असेल तर इन्सर्ट मोडमध्येच कंट्रोल-६. नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे एस्केप दाबल्यानंतर, एफ दाबून त्यापुढे के दाबला, तर कर्सर ओळीतल्या पुढच्या 'क'वर जातो, हा आणखी एक फायदा.

आता प्रत्यक्ष काम. सरावासाठी या तीन ओळी घ्या, आकडे नमुन्याचे आहेत:

लासलगाव, उन्हाळी कांदा, 1850
उमराणे, उन्हाळी कांदा, 1780
येवला, लाल कांदा, 1620

पहिल्या ओळीच्या सुरुवातीला कर्सर ठेवून 50 टाइप करा आणि कंट्रोल-ए दाबा. 1850 चे 1900 होतात. आकड्यापर्यंत जावंही लागत नाही. खालच्या ओळीसाठी जे, शून्य, मग टिंब. टिंब म्हणजे 'मघाचंच पुन्हा कर', आणि व्हिममध्ये सगळ्यात जास्त वेळ हीच कळ वाचवते. तिन्ही ओळी एकदम वाढवायच्या तर पहिल्या ओळीवर मोठा व्ही, 2 जे, मग 50 आणि कंट्रोल-ए.

इथे दोन अडचणी येतात. देवनागरी अंक कंट्रोल-ए ला आकडे वाटत नाहीत, म्हणून भाव इंग्रजी अंकांत ठेवा. आणि स्वल्पविरामाऐवजी 'लासलगाव-1850' असं लिहिलं असेल, तर व्हिम त्याला उणे 1850 समजतो. 50 मिळवले की भाव 1800 होतो आणि चूक पटकन लक्षातही येत नाही.

बाजारात 'उन्हाळ कांदा' म्हणतात, म्हणून 'उन्हाळी' बदलू. कोलन, टक्का, एस, /उन्हाळी/उन्हाळ/, शेवटी जी आणि सी. सी मुळे व्हिम प्रत्येक ठिकाणी विचारतो; वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको. एकच शब्द बदलायचा असेल तर त्यावर कुठेही उभं राहून सी, आय, डब्ल्यू. स्वल्पविरामासकट खोडायचं असेल तर डी, एफ, स्वल्पविराम. आधी क्रिया, मग कुठपर्यंत: डी खोडतो, सी बदलतो, वाय कॉपी करतो. एवढं मनात बसलं की बाकीच्या कमांड पाठ कराव्या लागत नाहीत.

शोधताना मराठीची एक खोच आहे. 'कांद' शोधलं तर 'कांदा' सापडत नाही, कारण द आणि त्याचा काना व्हिमला मिळून एकच अक्षर वाटतो. शोधशब्दामागे \ आणि मोठा झेड जोडा. मग मात्रा आणि अनुस्वार बाजूला ठेवून कांदा, कांदे, कांद्याचा सगळे सापडतात. अर्थात 'कुंद'ही सापडेल, म्हणून बदल करताना हे वापरू नका.

एक्स दाबून 'को' खोडला की मात्रेसकट जातो. फक्त मात्रा काढायची असेल तर 'सेट डेलकंबाइन' करा. टर्मिनलमध्ये मात्रा सरकलेल्या दिसल्या तरी फाइल बिघडलेली नसते, दोष टर्मिनलच्या अक्षर मांडण्याचा असतो. ग्राफिकल व्हिममध्ये उघडून पाहा.

स्क्रीन अचानक गोठली तर सवयीनं कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं, कंट्रोल-क्यू दाबा. भलत्याच ओळी एकमेकींना चिकटल्या तर कॅप्स लॉक चालू आहे, मोठा जे ओळी जोडतो. कॅप्स लॉक बंद करून यू दाबा, म्हणजे केलेला बदल मागे घेतला जाईल.

वीज गेली तरी घाबरू नका. २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की व्हिम स्वॅप फाइल, म्हणजे चालू कामाची तात्पुरती प्रत, लिहितो. पुन्हा उघडताना 'व्हिम -आर' आणि फाइलचं नाव द्या, मजकूर तपासून सेव्ह करा आणि जुनी स्वॅप फाइल स्वतः काढून टाका. नाही काढली तर फाइल उघडताना दर वेळी स्वॅप फाइल सापडल्याची सूचना समोर येत राहते.