टॉम-जेरी तीन पिढ्यांसोबत पाहताना बदल कसा नोंदवावा

कार्टूनमधले पात्र पिढ्यांगणिक कसे बदलते, हे घरच्या घरी तपासायचे असेल तर पात्र एकच निवडावे आणि ते शक्यतो न बोलणारे असावे. टॉम आणि जेरी ही जोडी या कामाला सर्वांत सोयीची, कारण संवाद जवळजवळ नसल्यामुळे परभणीकडच्या खेड्यातली, हिंदी जेमतेम कळणारी आजी आणि इंग्रजी शाळेत जाणारा नातू यांच्यात भाषेची अडचण उरत नाही.

आधी वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. डावीकडे लघुपट केव्हा तयार झाला ते लिहावे, उजवीकडे तो आपल्या घरात केव्हा पोहोचला ते. दुसरा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात ११४ लघुपट केले, त्यानंतर जीन डाइच यांचे १३ आणि १९६३ ते १९६७ दरम्यान चक जोन्स यांचे ३४ आले. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये सुरू झाले आणि पुढे तालुक्याच्या गावांत केबल पसरली, तेव्हा हा सगळा ऐवज क्रम सोडून एकत्रच दिसू लागला. म्हणजे १९४०चा टॉम मराठवाड्यातल्या अनेक घरांत पन्नासहून अधिक वर्षे उशिरा आला, आणि आजोबांनी तो लहानपणी नव्हे तर बाप झाल्यावर, मुलाला अभ्यासाला बस म्हणता म्हणता, जाता-येता पाहिला. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे जन्मसाल लिहिण्यापेक्षा पहिल्यांदा पाहिले तेव्हाचे वय लिहावे. माझ्या मते पिढी खरी तीच.

आता लघुपट निवडावेत. निर्मितीचा काळ टॉमच्या चेहऱ्यावरूनही ओळखता येतो. जाड, वर चढलेल्या भुवया दिसल्या की तो चक जोन्स यांचा समजावा. घुमणारे, काहीसे विचित्र आवाज ऐकू आले तर तो प्रागमध्ये तयार झालेला डाइच यांचा असण्याची शक्यता मोठी. पहिला लघुपट मात्र वगळू नये. त्यात बोक्याचे नाव टॉम नसून जॅस्पर आहे, अंगावर केस भरघोस आहेत आणि तो बराचसा चार पायांवरच चालतो. आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर काढीन, असा दम त्याला घरातल्या बाईने दिलेला असतो. उंदीर हे हेरतो, काचेचा पेला उचलून खाली टाकण्याचा धाक घालतो आणि बोका जागच्या जागी थिजतो. इथे चित्र थांबवून कोण कोणाच्या बाजूचे आहे ते विचारावे. "आवडले का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याला सगळे होच म्हणतात. आजी "लई इब्लिस हाय उंदीर" म्हणाली तर ते तसेच लिहून घ्यावे, पुस्तकी करू नये.

त्यानंतर १९७५च्या दूरचित्रवाणी मालिकेचा एखादा भाग दाखवावा. लहान मुलांच्या कार्यक्रमांतील मारामारीवर त्या काळी निर्बंध आले होते, त्यामुळे तिथे दोघे चक्क मित्र आहेत आणि जेरीच्या गळ्यात लाल बो आहे. हा भाग मिळमिळीत वाटतो हे खरे, पण पात्राचा स्वभाव प्रेक्षकांसाठी मुद्दाम बदलला गेला याचा इतका उघड पुरावा दुसरा सापडणार नाही.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर लगेच कोणाला खोटे पाडू नये. जुन्या लघुपटांतली कृष्णवर्णीय मोलकरीण हे वर्णद्वेषी व्यंगचित्र असल्याची टीका झाल्यावर १९६०च्या दशकात काही लघुपटांत तिच्या जागी गोरी स्त्री चितारण्यात आली, काहींत पुढे तिचा आवाजही बदलला. त्यामुळे एकाच लघुपटाच्या दोन वेगवेगळ्या प्रती दोघांनी पाहिलेल्या असू शकतात.

लघुपट आधीच उतरवून ठेवावेत, कारण वीज ऐन रंगात जाते. नातू मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाहणारा असेल तर त्याला पूर्ण लघुपट सलग दाखवावा आणि तो कुठे पुढे सरकवू पाहतो ती जागा उजव्या रकान्यात टिपावी.