कोर्टाच्या निकालाच्या नोट्स काढताना

ठाणे-वाशी लोकलमध्ये कायद्याची मुलं अख्खं पान हायलायटरनं पिवळं करताना दिसतात. पान रंगतं, डोकं कोरंच राहतं. त्यापेक्षा निकाल वाचून पुस्तक मिटा आणि आपल्या शब्दांत लिहा: घडलं काय, प्रश्न कोणता, निर्णय काय, कारण काय. कारणाला सगळ्यात जास्त जागा द्या. सर्वोच्च न्यायालयातला केशवानंद भारती खटला (१९७३) घ्या. १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६ असा निकाल. ‘संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही’ हे एक वाक्य पक्कं झालं की बाकीचं लक्षात राहतं. अल्पमताचं म्हणणंही दोन ओळींत टिपाच. मुलं नेमकं तेच गाळतात. तत्त्वज्ञानालाही हीच पद्धत चालते. विज्ञानाची सिद्धता मात्र न बघता कोऱ्या कागदावर मांडून पाहा.